परदेशातील वित्तशास्त्र आणि घरची शिल्लक

मागल्या उन्हाळ्यातली गोष्ट. तूर विकून झाली होती, पुढच्या पेरणीला अवकाश होता, आणि कारंज्याच्या बाजार समितीतून परत जाताना आमच्या ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ ओसरीवर येऊन बसले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून एक छापील कागद काढला. मुलीला लंडनच्या एका विद्यापीठाने वित्तशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश देऊ केला होता. "सर, पोरगी म्हणते लंडनले जातो. वावर इकू का गहाण ठेवू, तेवढं सांगा," एवढेच ते म्हणाले.

या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी दिले नाही. विकावे की गहाण ठेवावे हे ठरविण्यापूर्वी दुसरे चार प्रश्न सोडवावे लागतात, आणि ते कोणी विचारतच नाही असे आमच्या ध्यानात आले. त्या चार प्रश्नांविषयी येथे लिहावयाचे आहे.

वित्त म्हणजे पैशाची विद्या, आणि परदेशी पैशाची ओळख आमच्या गावाला नवी नाही. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी ती अरुंद रुळांची शकुंतला आगगाडी कोणाच्या पैशाने उभी राहिली? किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कारभाराखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या. वऱ्हाडचा कापूस मुंबईस न्यावा व तेथून मँचेस्टरला धाडावा, यासाठी हे रूळ पडले. गाडी ओढणारे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरमध्येच घडलेले होते आणि ते १९९४ पर्यंत धावले. सांगावयाचे इतकेच की कोणी भांडवल गुंतविले, कशाच्या भरवशावर गुंतविले आणि त्याचा परतावा कोठून येणार होता, हा हिशेब त्या गुंतविणाऱ्यांनी रूळ टाकण्यापूर्वीच मांडला होता. आपण मात्र मुलांना पाठविताना तो उलट्या क्रमाने मांडतो: आधी तिकीट, मग हिशेब.

परदेशी जाऊन वित्तशास्त्र शिकण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. त्यांची ओळख आपण घटनाकार म्हणून करून देतो, ते योग्यच आहे. परंतु विद्यार्थी म्हणून ते सार्वजनिक वित्त आणि चलन या विषयांचे अभ्यासक होते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली आणि ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली ते एम. ए. झाले. त्यांचे तेथील गुरू प्रा. सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे नामांकित पंडित. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील आंबेडकरांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्यास प्रस्तावना सेलिग्मननी लिहिली. म्हणजे त्यांनी निवडले ते विद्यापीठाचे नावच नव्हे, तर गुरू आणि विषयही. प्रश्न हिंदुस्थानचा घेतला आणि तो सोडविण्याची साधने न्यूयॉर्कात मिळविली.

आता पैशाकडे पाहा. बडोद्याची शिष्यवृत्ती फुकटची नव्हती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची असा तिचा करार होता. १९१६ साली ते लंडनला गेले, तोच मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात अस्पृश्यतेपायी जो अपमान वाट्यास आला त्यामुळे ती नोकरी टिकणे अशक्य झाले. आणि करार तुटल्यामुळे परतफेडीचा प्रश्न पुढे काही वर्षे त्यांच्या मागे होता. १९१८ च्या नोव्हेंबरात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा धरली, पगारातून पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी स्नेह्याने कर्ज दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

अट असलेली शिष्यवृत्ती, स्वतःच्या नोकरीतील बचत, समाजातील वडीलधाऱ्यांची मदत आणि कर्ज, असे हे चार मार्ग झाले. शंभर वर्षांनंतरही पाचवा मार्ग कोणी शोधलेला नाही. आणि त्या चारांत कर्ज सर्वांत शेवटी आले, तेही थोडे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आज आपण पहिले पाऊल कर्जापासून टाकतो.

पहिला प्रश्न, शिकावयाचे काय? वित्तशास्त्रातील पदव्युत्तर पदवी हे एकाच दुकानाचे नाव नाही. एका प्रकारात कंपन्यांचे ताळेबंद, भांडवल उभारणी, गुंतवणूक यांचा अभ्यास असतो. दुसऱ्यात अर्थशास्त्र अधिक. तिसरा प्रकार गणिती वित्ताचा. त्यात संभाव्यताशास्त्र, संगणकाची आज्ञावली लिहिणे आणि जोखमीचे मोजमाप चालते, आणि ज्याने बारावीनंतर गणित सोडले त्याचा तेथे निभाव लागणे कठीण. अमरावती विद्यापीठातून बी. कॉम. झालेल्या मुलामुलींनी आपली गुणपत्रिका उघडून संख्याशास्त्र, गणित आणि अर्थशास्त्र यांचे किती विषय झाले आहेत हे आधी मोजावे. जर्मनीतील विद्यापीठे तर हे अगदी श्रेयांक मोजून पाहतात. तसेच, ही पदवी बहुधा नवपदवीधरांसाठी असते; ज्यांनी काही वर्षे नोकरी केली आहे त्यांच्यासाठी एम. बी. ए. हा वेगळा रस्ता आहे.

क्रमवारीविषयी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. फायनान्शियल टाइम्स हे लंडनचे वर्तमानपत्र अशा अभ्यासक्रमांची क्रमवारी देते आणि त्यात माजी विद्यार्थ्यांचे वेतन डॉलरच्या आकड्यात छापते. पालक तो आकडा विनिमयदराने गुणतात आणि हरखून जातात. वस्तुतः तो आकडा देशोदेशींच्या महागाईचा मेळ घालून काढलेला असतो. ज्या देशात रुपयाला वस्तू अधिक मिळतात तेथील वेतन त्यात फुगून दिसते. बँकेचा हप्ता मात्र खऱ्याखुऱ्या रुपयांत भरावयाचा असतो.

दुसरा प्रश्न, शिकल्यावर राहावयाचे कोठे? देश निवडण्याची किल्ली ही आहे. अमेरिकेत विद्यार्थ्याला शिक्षण संपल्यावर आपल्या विषयात वर्षभर काम करता येते. अभ्यासक्रम तेथील सरकारच्या विज्ञान-गणिताच्या यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळतात. गंमत अशी की साधे वित्तशास्त्र त्या यादीत नाही, गणिती वित्त आहे. दोन शेजारच्या विद्यापीठांच्या पदव्यांचे नाव अक्षरशः एक असते. एकीने आपली नोंद गणिती वित्ताच्या सांकेतिक क्रमांकाखाली केलेली असते, दुसरीने नाही. पहिलीच्या विद्यार्थ्याला तीन वर्षे मिळतात, दुसरीच्या विद्यार्थ्याला एकच. रंगीत माहितीपुस्तकात हे ठळकपणे दिसेलच असे नाही. पत्र लिहून तो क्रमांक विचारावा लागतो. याउपर सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी परवान्यांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. तेथेच शिकून परवाना बदलणाऱ्यांना ते लागू नाही असा खुलासा पुढे झाला खरा, परंतु वारा कोणीकडून वाहतो आहे हे त्यावरून कळते.

इंग्लंडात अभ्यासक्रम बहुतेक एका वर्षाचा. खर्चही एकाच वर्षाचा, हा मोठा लाभ. एका वर्षाच्या पदवीला भारतात मान्यता आहे काय, अशी शंका पूर्वी असे. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांत पदव्यांच्या परस्परमान्यतेचा करार झाल्यापासून ती पुष्कळशी मिटली. शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी तेथे दोन वर्षांची मुभा होती; १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना ती १८ महिन्यांचीच मिळावयाची आहे. अभ्यासक्रम सप्टेंबरात सुरू होतो आणि त्याच हिवाळ्यात नोकरीचे अर्ज भरावे लागतात. म्हणजे मुलाला पहिली परीक्षा देण्यापूर्वीच मुलाखतीला बसावे लागते. हे ज्याला ठाऊक नसते त्याचे वर्ष हातातून निसटते.

जर्मनीची तऱ्हा निराळी. एकट्या फ्रँकफर्ट शहराकडे पाहा. तेथील गोएथे विद्यापीठ सरकारी आहे आणि त्यात शिकविण्याचे शुल्क नाही, केवळ दर सत्राची किरकोळ वर्गणी. त्याच शहरातील फ्रँकफर्ट स्कूल ही खासगी संस्था भरभक्कम शुल्क घेते. दोन्हीकडे वित्तशास्त्र इंग्रजीतून शिकता येते. नैर्ऋत्येकडील बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतात मात्र सरकारी विद्यापीठेही २०१७ पासून परदेशी विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात. राहण्याजेवण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागतात, असा नियम सप्टेंबर २०२४ पासून आहे. त्यातून दरमहा ९९२ युरो काढता येतात. हे पैसे खर्चाचे असले तरी ते आपलेच असतात. परंतु वर्गात इंग्रजी चालली तरी बाहेर नोकरीला जर्मन लागते. ती दोन वर्षे आधी शिकावयास घ्यावी. हा देश आमच्या मते सामान्य स्थितीच्या मुलांना सर्वांत परवडणारा आहे, आणि नेमका तोच आमच्याकडचे सल्लागार सहसा सुचवीत नाहीत. कारण उघड आहे. पुष्कळ सल्लागारांना विद्यार्थ्याकडून पैसे नको असतात. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातील विद्यापीठे त्यांना शुल्काचा हिस्सा दलाली म्हणून देतात. जेथे शुल्कच नाही तेथे दलाली कसली? फुकट सल्ला देणाऱ्यास, "आपणांस कोण पैसे देतो?" असे विनयाने विचारावे.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि येथे सावकाश चालले पाहिजे.

शिष्यवृत्त्या आहेत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून चालू आहे आणि तिच्यात वर्षाला ७५ जणांची निवड होते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहेत. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० त, या तिच्या मुख्य अटी. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची योजना आहे, तिला सयाजीराव महाराजांचेच नाव दिले आहे; इतर मागासवर्ग, आदिवासी आणि खुला वर्ग यांच्याही वेगळ्या योजना आहेत. जातीचा प्रश्न नसलेली जुनी संस्था म्हणजे १८९२ साली जमशेटजी टाटांनी स्थापिलेला निधी. तो शिष्यवृत्ती देतो ती कर्जाच्या रूपाने, परत करावयाची. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाचा सर्व खर्च उचलते, पण तीस दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षे स्वदेशी परतावे लागते. बडोद्याच्या कराराचीच ही धाकटी बहीण.

या योजनांतली अडचण पात्रतेपेक्षा वेळेची असते. विद्यापीठ वसंतातच जागा राखण्याची रक्कम मागते, सरकारी जाहिरात उन्हाळ्यात येते आणि निवडयादी लागेतो विमानाचे दिवस आलेले असतात. म्हणून उत्पन्नाचा दाखला, जातपडताळणी, गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती ही जुळवाजुळव एक वर्ष आधीच व्हावी. आणि यंदा शिष्यवृत्ती मिळाली नाही तर विद्यापीठास विनंती करून प्रवेश पुढील वर्षावर ढकलता येतो का, हे पाहावे. एक वर्ष गेले तर आभाळ कोसळत नाही. मुलीने ते वर्ष एखाद्या सनदी लेखापालाकडे किंवा बँकेत काढले तर तिच्या अर्जाला वजनच येते.

आता बँक. बँकांच्या संघटनेच्या आदर्श योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंत तारण नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीन चालतो, त्यापुढे मालमत्ता तारण द्यावी लागते. परदेशी शिक्षणाच्या खर्चापैकी १५ टक्के वाटा घरचा. आमच्या गृहस्थांना धक्का बसला तो येथे. वावर बँकेला चालत नाही! कर्ज थकले तर तारण जप्त करून विकण्याचा सोपा अधिकार बँकांना २००२ च्या ज्या कायद्याने मिळाला, तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणून शैक्षणिक कर्जासाठी बँक मागते घर, अकृषिक भूखंड, मुदतठेव, विमापत्र. ज्याच्याकडे सातबारा आहे पण गावात पक्के घर स्वतःच्या नावावर नाही, तो मग खासगी सावकाराकडे वळतो किंवा जमीन विकून टाकतो. तसे करण्यापूर्वी दोन दारे ठोठावावीत. काही राष्ट्रीयीकृत बँका निवडक विद्यापीठांच्या यादीतील प्रवेशासाठी तारणावाचून मोठी रक्कम देतात. ती यादी मागून घ्यावी, आणि प्रवेशाचे अर्ज करण्यापूर्वीच मागून घ्यावी. दुसरे दार वित्तकंपन्यांचे. त्या तारण मागत नाहीत, पण व्याज चढे लावतात.

व्याज काय करते ते एका उदाहरणाने पाहू. समजा ३० लाख रुपये शेकडा १० दराने घेतले, अभ्यासक्रम एका वर्षाचा आणि त्यानंतर सवलतीचे एक वर्ष. सगळी रक्कम आरंभीच उचलली असे धरू. या दोन वर्षांत साधे व्याज होते ६ लाख. म्हणजे हप्ते सुरू होतात ते ३६ लाखांवर, आणि दहा वर्षांच्या फेडीत दरमहा सुमारे ४७,५०० रुपये पडतात. एकूण भरणा ५७ लाख. मुदत पंधरा वर्षांची केली तर हप्ता ३८,७०० च्या आसपास उतरतो, पण भरणा जवळजवळ ७० लाखांवर जातो. उलट, घरच्यांनी ती दोन वर्षे दरमहा २५,००० रुपये व्याज भरीत राहिले तर दहा वर्षांचा हप्ता ३९,६५० च्या आत राहतो आणि एकंदरीत साडेतीन लाख वाचतात. लंडनमध्ये नोकरी लागली तर यातील कोणताही हप्ता जड नाही. प्रश्न हा की नोकरी तेथे न लागता मुलगी पुण्या-मुंबईस परतली आणि तिला दरमहा ७० हजार मिळाले, तर? हप्ता भरून उरेल ते साडेबावीस हजार. त्यात मुंबईतली खोली व जेवण भागवावयाचे. आम्ही म्हणतो, हप्ता परदेशच्या पगाराशी ताडू नये. परत आल्यास जो पगार मिळेल त्याच्याशी ताडावा, आणि तो त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक होत असेल तर कर्ज कमी करावे किंवा देश बदलावा.

चौथा प्रश्न रुपयाचा. बाबासाहेबांचा ग्रंथ रुपयाच्या मोलाचीच चिकित्सा करतो. आपल्या घरगुती हिशेबात तो प्रश्न कोणी धरीत नाही. २०११ च्या उन्हाळ्यात डॉलरला सुमारे ४५ रुपये पडत, २०२४ साली ८३-८४, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दर ९० च्या पलीकडे गेला. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे दुसऱ्या वर्षीचे शुल्क ४०,००० डॉलर असेल तर ८४ च्या दराने ३३ लाख ६० हजार आणि ९० च्या दराने ३६ लाख. दोन लाख चाळीस हजारांचा हा फरक कोणाच्या चुकीने पडला? कोणाच्याच नाही. म्हणून कर्जाची मंजुरी घेताना दहा टक्के वाढीव रक्कम मंजूर करून ठेवावी. मंजूर रक्कम उचललीच पाहिजे असे नाही. परदेशी पैसे पाठविताना कापला जाणारा कर शैक्षणिक कर्जाच्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून उरलेला नाही, हेही या ठिकाणी सांगून ठेवतो. व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षे सूट मिळते, पण ती कराची जुनी पद्धत स्वीकारली तरच.

कोणी विचारील, मग जावेच कशाला? सनदी लेखापालाची परीक्षा येथेच देता येते. गुंतवणूक-विश्लेषकांची ती तीन टप्प्यांची अमेरिकन परीक्षाही भारतात राहून देता येते, आणि नोकरी देणारे तिला मान देतात. ऑस्ट्रेलियाच्या वोलोंगाँग विद्यापीठाने तर गांधीनगरजवळ गिफ्ट सिटीत शाखा काढली आहे आणि ती वित्त-तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी देते. हे मार्ग स्वस्त आहेत आणि ते आधी तपासावेत, असे आमचे मत आहे. परंतु बाहेरच्या शिक्षणात जो एक मोकळा वारा लागतो, निरनिराळ्या देशांची माणसे एका बाकावर बसून एकाच प्रश्नावर भांडतात, तो अनुभव घरी बसून मिळत नाही, हेही तितकेच खरे. मुलीला तो नाकारावा असे आम्हांस मुळीच वाटत नाही. त्यातही, मुलासाठी वावर विकणारे घर मुलीसाठी मात्र नुसताच विचार करीत बसते, हे आम्ही पाहिले आहे. या गृहस्थांनी तसे केले नाही याचे आम्हांस कौतुक वाटले.

ते पुन्हा आले तेव्हा मुलीला सोबत घेऊन आले. तिने एका वहीत रकाने आखले होते: विद्यापीठ, शुल्क, राहण्याचा खर्च, शिक्षणानंतर किती महिने, परतल्यास पगार, हप्ता. लंडनच्या रकान्यातला शेवटचा आकडा तिने स्वतःच खोडला होता. गोएथे विद्यापीठाच्या प्रवेशासाठी तिला गणिताचे श्रेयांक कमी पडत होते. ते बाहेरून पुरे करता येतील काय, याचे पत्र तिने विद्यापीठास धाडले होते आणि उत्तराची वाट पाहत होती. जर्मन भाषेचा वर्ग तिने लावला आहे. वावर अजून त्यांच्याच नावावर आहे, आणि यंदा त्यात पऱ्हाटी आहे.